धर्मसत्ता व नागरी शासन, गोव्यातील

राज्याने प्रजेचा धर्म आपल्या हाती घ्यावा, की धर्म बाजूस ठेवून सर्वांना एकच नागरी कायदा लावावा, आणि यांतल्या कोणत्या राजवटीत समाजाचे अधिक भले होते, या चर्चेत गोव्याचा दाखला हटकून निघतो. साडेचार शतकांच्या पोर्तुगीज अमलात येथे दोन्ही प्रकार नांदले. शिवाय जुन्या काबिजादी (सोळाव्या शतकात जिंकलेले तिसवाडी, बार्देश, सासष्टी) आणि नव्या काबिजादी (अठराव्या शतकात मिळालेले महाल) यांच्या वाट्याला ते सारख्या प्रमाणात आले नाहीत, म्हणून तुलनेला थोडाफार आधार मिळतो.

धर्मराज्याचा काळ : पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये तिसवाडी घेतली त्या वेळी धर्मांतर हे राज्याचे मुख्य धोरण नव्हते. १५२६ च्या सनदेत तर गावकरींचे (गावची जमीन समाईकपणे सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थांचे) परंपरागत हक्क व रीतिरिवाज नोंदवून मान्य केलेले आढळतात. पालट साधारणपणे १५४० पासून दिसतो. त्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न पुढे ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्यात आले. सासष्टीत हा प्रकार मुख्यतः १५६७ मध्ये घडला. धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात १५६० मध्ये स्थापन झाली. तिचे ठाणे जुन्या गोव्यातील आदिलशाही वाड्यात होते व लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत.

या न्यायसभेचा अधिकार कोणावर चाले, हा वाद अजून मिटलेला नाही. तत्त्वतः तिची सत्ता बाप्तिस्मा घेतलेल्यांपुरती होती. त्यामुळे हिंदूंवरील जुलमाचे वर्णन अतिरंजित आहे, असा एक पक्ष मांडला जातो. परंतु धर्मांतरात अडथळा आणणे, नवख्रिस्तांवांना (नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना) जुन्या रीतींकडे ओढणे, उघडपणे विधी करणे अशा आरोपांखाली हिंदूही तिच्यापुढे उभे केले गेले. म्हणून अधिकार कागदावर मर्यादित होता पण व्यवहारात पसरट होता, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. खटल्यांची संख्या १७७४ पर्यंत १६ हजारांच्या आसपास सांगितली जाते. मात्र दप्तराचा मोठा भाग नष्ट झालेला असल्याने हा आकडा मुख्यत्वे सूचींवर उभा आहे. देहान्ताच्या शिक्षा एकूण खटल्यांच्या मानाने थोड्या होत्या, हेही खरे. पण न्यायसभेची दहशत फाशीच्या आकड्यांवरून मोजता येत नाही. १७३६ च्या जाहीरनाम्यात अंगणात तुळस लावणे, मीठ न घालता भात शिजवणे, लग्नात ओव्या गाणे, विडे वाटणे, पुरुषांनी धोतर नेसणे अशा गोष्टींना मनाई आहे. चुलीपर्यंत आणि अंगणापर्यंत पोचलेली सत्ता शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध साक्षीदार बनवते. धर्मराज्याने गोव्याच्या समाजाची केलेली सर्वांत खोल हानी प्रस्तुत नोंदकाराच्या मते हीच होय.

जुने गोवे शहर ओस पडण्याचे खापर मात्र सरसकट न्यायसभेवर फोडता येणार नाही. ते उतरणीला लागले त्यामागे साथीचे रोग व डचांमुळे बसलेला व्यापाराचा फटका ही कारणेही तितकीच बलवत्तर होती.

अंत्रुज महालाचा दाखला : देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. हे स्थलांतर मुख्यत्वे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. मंगेशाचे साल परंपरेने १५६० मानतात. अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा तालुका, त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. फोंड्याची साफा मशीदही १५६० चीच मानली जाते. म्हणजे नदीपलीकडून पालखीतून आणलेल्या देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात. सुलतानाची राजवट आधुनिक अर्थाने निधर्मी नव्हतीच, पण गावचा देव गावाकडे ठेवण्याइतकी ती अलिप्त होती. उलट नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा इतिहास पाहावा. कदंबांच्या या दैवताचे देऊळ चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत मोडले, विजयनगरच्या काळात पुन्हा उभे राहिले, दिवाडी बेटावर पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्यास त्याचा जीर्णोद्धार करविला. तेव्हा राज्यकर्त्याचा धर्म कोणता यापेक्षा तो आपला धर्म प्रजेच्या घरात नेतो की नाही, ही कसोटी येथे जास्त उपयोगी पडते.

नागरी शासनाकडे वाटचाल : साधारण १७६३ ते १७८८ या काळात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे इत्यादी महाल पोर्तुगीजांकडे आले. त्यांच्या धर्मात व रीतिरिवाजांत ढवळाढवळ न करण्याचे वचन देऊनच हे महाल ताब्यात घेतले गेले. पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याने १७७४ मध्ये न्यायसभा बंद केली, ती १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाली व १८१२ मध्ये कायमची संपली. पोंबालच्या समतेच्या फर्मानाचा लाभ एतद्देशीय ख्रिस्तांवांपुरताच होता. हिंदूंना पूर्ण नागरी समता मिळाली ती पोर्तुगालमधील १९१० च्या प्रजासत्ताकानंतर, आणि त्यानंतर सरकारी नोकऱ्या व शिक्षण त्यांच्यासाठी खऱ्या अर्थाने खुले झाले. निधर्मी राज्य म्हणजे मोकळे राज्य, असे मात्र समीकरण मांडता येत नाही. प्रजासत्ताकानंतर आलेल्या सालाझारशाहीत (हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत) न्यायसभा नव्हती, पण सभास्वातंत्र्यही नव्हते. १८ जून १९४६ ची मडगावची सभा त्या बंदीविरुद्धच होती.

कौटुंबिक कायदा : १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. पोर्तुगालने ती १९६७ मध्ये मोडीत काढली. गोव्यात १९६१ च्या मुक्तीनंतरही १९६२ च्या प्रशासन कायद्यान्वये ती चालू राहिली. हिंदू विवाह कायदा किंवा १९३७ चा शरियत कायदा येथे लागू करण्यात आला नाही. यालाच ‘समान नागरी कायदा’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो बऱ्याच अंशी रास्त असला तरी संपूर्णपणे नाही. १८८० च्या फर्मानाने हिंदूंचे काही रिवाज राखून ठेवले. त्यानुसार पत्नीस पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच न झाल्यास, किंवा ती तीस वर्षांची होऊनही मुलगा नसल्यास (तिचे वय त्याहून कमी असल्यास शेवटच्या गरोदरपणानंतर दहा वर्षे लोटल्यावर), हिंदू पतीला दुसरा विवाह करता येई. १९१० च्या विवाहविषयक कायद्याने ही सवलत आपोआप रद्द झाली काय? नंतरचा सर्वसाधारण कायदा आधीच्या विशेष कायद्याला रद्द करत नाही, असे एक मत आहे. विवाहाचे स्वरूपच बदलल्याने अपवादाला जागा उरली नाही, असे दुसरे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, आणि व्यवहारात ही तरतूद निष्प्राणच आहे. तरीही ती स्पष्ट शब्दांत रद्द व्हायला हवी होती, हे नमूद करणे भाग आहे. ख्रिस्तांवांच्या बाबतीत १९४० चा पोपशी झालेला करार व १९४६ चे फर्मान यांनी चर्चमधील विवाहाला नागरी मान्यता दिली आणि अशा विवाहांना घटस्फोटाच्या तरतुदींतून वगळले.

संहितेचा लाभ ठळक दिसतो तो संपत्तीच्या बाबतीत. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक धरली जाते, आणि आईबापांना मुलामुलींचा वाटा डावलून अर्ध्याहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणूनच वडिलोपार्जित घर विकायचे झाले की निबंधकाच्या कचेरीत भाऊ, भावजया, बहिणी व मेव्हणे सगळ्यांच्या सह्या लागतात. लग्नासाठीही सर्व धर्मांच्या जोडप्यांना आधी नोंदणी कार्यालयात ‘पहिली सही’ करावी लागते. हक्कसोड करून देऊन बहिणींनी वाटा भावांना सोडण्याची चाल सर्रास आहे, ती कायद्याला अजून मोडता आलेली नाही.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वारसाविषयक निकालात गोव्याचा उल्लेख समान नागरी कायद्याचे झळाळते उदाहरण म्हणून केला. वारसाविषयक तरतुदींची जागा आता गोवा विधानसभेने केलेल्या कायद्याने घेतली असून तो २०१६ मध्ये अमलात आला. देवस्थानांचा कारभार मात्र १९३३ च्या माझन (देवस्थानविषयक) नियमांनुसार महाजनांकडे, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांकडे, असून त्यावर मामलेदाराची देखरेख असते. चर्चच्या फाब्रिका (चर्चची मालमत्ता सांभाळणारी मंडळे) धर्मप्रांताच्या नियमांनी चालतात. या भेदाबद्दल महाजन मंडळींत नाराजी आहे व ती अनाठायी म्हणता येत नाही.