पावागडची लाट आणि तिबेटची लाट

बडोद्यात विज्ञान शिकवताना आणि मराठी लेख तपासताना ‘डोंगराला वारा अडला की वातावरणात लाट उठते’ हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या लाटांसाठी वापरलेले मला वारंवार आढळते आणि प्रत्येक वेळी ते खटकते.

पहिली लाट बहुतेकांना ठाऊक असते. विश्वामित्री नदीत बुडालेल्या दगडावरून पाणी वाहिले की पुढे जागच्या जागी उमटणाऱ्या वळ्यांसारखीच ती असते. बडोद्याजवळच्या पावागड डोंगरावर चढलेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा जड ठरते, गुरुत्वाकर्षण तिला खाली खेचते आणि ती पुन्हा उसळते. वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर दोन उंचवट्यांतले अंतर साधारण ६ किलोमीटर भरते. पृथ्वी फिरते की नाही, याने तिला फरक पडत नाही.

तिबेटच्या पठाराने किंवा रॉकी पर्वताने उठणारी, हजारो किलोमीटर लांबीची लाट समजून घेताना मात्र हे वर-खाली हलणे मनातून काढून टाकावे, कारण ती दक्षिणोत्तर हेलकावते. पठारावर चढताना हवेचा स्तंभ दबून पसरतो आणि फुगडीत अंग मागे झोकल्यावर गिरकी मंदावते, तशी त्याची गिरकी कमी होते. म्हणून पश्चिमेकडून आलेला प्रवाह उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला, वळतो. तिथे पृथ्वीच्या फिरण्यातून मिळणारी गिरकी मुळातच कमी असते. पठार उतरून स्तंभ पूर्ववत उंच झाला की ही तूट हवेला स्वतःच्या गिरकीने भरून काढावी लागते. त्यामुळे प्रवाह उत्तरेला वळतो, मूळ अक्षांश ओलांडतो आणि पुन्हा परततो. इथे हवेला माघारी आणणारे कारण म्हणजे अक्षांशागणिक बदलणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम. म्हणूनच ही लाट पश्चिमी वाऱ्यांतच एका जागी ठरून राहू शकते, पूर्वेच्या वाऱ्यांत नाही.

चार्नी आणि एलियासेन या हवामानशास्त्रज्ञांनी १९४९मध्ये ४५ अंश उत्तरेच्या पट्ट्यापुरत्या अगदी साध्या समीकरणांतून हिवाळ्यातली या मोठ्या लाटांची रचना बऱ्याच अंशी मिळवली होती. आजचे १०० किलोमीटर जाळीचे, म्हणजे पृथ्वीचे तेवढ्या रुंदीचे चौकोन पाडून संगणकावर हिशेब करणारे, हवामान मॉडेलही ती स्वतःच घडवते. पावागड मात्र त्या जाळीत सपाट होऊन जातो. छोट्या लाटा उंचावर फुटून वाऱ्याला जो रोध करतात, तो वेगळ्या सूत्राने घालावा लागतो. १९८०च्या दशकात, हा रोध नसताना, मॉडेलांतले पश्चिमी वारे अवाजवी जोरदार होत, आणि काहींनी त्यावर पर्वतांची उंचीच वाढवून पाहिली. मला तो उपाय कधीच पटला नाही, कारण त्याने मोठ्या लाटेचे कारणच बदलते, तर रोधाचे सूत्र राहून गेलेली छोटी लाटच हिशेबात आणते.