बायोडिग्रेडेबल फोम

बायोडिग्रेडेबल फोम म्हणजे थर्माकोलचं काम करणारा, पण काम झाल्यावर मातीतल्या जंतूंना खाता येईल असा हलका फोम. टीव्ही, मिक्सर, काचसामान पॅक करताना खोक्यात भरायचा. खरं थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, त्यात ९५ टक्क्यांहून जास्त नुसती हवा, म्हणून स्वस्त आणि धक्का झेलायला एक नंबर, पण ते कुजत नाही, नुसतं चुरा होत जातं आणि ते पांढरे मणी गटारातून थेट खाडीत. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलची मखरं गेली, नव्या टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल मात्र अजून घरी येतंच.

सगळ्यात सोपा प्रकार स्टार्चचा. मक्याच्या स्टार्चमध्ये थोडं पाणी घालून एक्सट्रूडरमध्ये, म्हणजे माल बारीक भोकातून ढकलणाऱ्या मशीनमध्ये, गरम करून दाबतात, बाहेर पडताना दाब सुटतो, पाण्याची वाफ होते आणि माल फुगतो, म्हणजे लाही फुटते तसंच, मक्याचे कुरकुरीत पफ पण अशाच मशीनवर निघतात. ओळखायचं कसं? एक तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून ढवळा, बघता बघता चिकट पांढरं पाणी होतं, थर्माकोल आपला तरंगत राहतो.

दुसरा प्रकार बुरशीचा आणि मला विचाराल तर हाच खरा भारी. २००७ साली अमेरिकेत ट्रॉयच्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमधून शिकलेल्या एबेन बेयर आणि गॅव्हिन मॅकइन्टायर यांनी यासाठी इकोव्हेटिव्ह कंपनी काढली, डेल या कॉम्प्युटर कंपनीने नंतर सर्व्हर पाठवायला हे पॅकिंग वापरलं. शेतातला कचरा, म्हणजे मक्याची धाटं, अंबाडीसारख्या झाडांचा भुसा वगैरे निर्जंतुक करून त्यात बुरशीचं बी मिसळतात आणि साच्यात भरून अंधारात ठेवतात. काही दिवसांत पांढरे तंतू भुशाच्या कणाकणात शिरून सगळं घट्ट बांधून टाकतात, डिंकबिंक काही लागत नाही. मग भट्टीत वाळवायचं, म्हणजे बुरशी मरते आणि पुढे वाढत नाही. हातात घेतलं की वरून मऊ चामड्यासारखं, आणि मोडलं की आत भुसा दिसतो. नंतर चुरा करून कुंडीत टाकला तरी चालतो.

पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) नावाच्या प्लास्टिकचा फोमही याच नावाखाली विकला जातो, तिथे जरा जपून. पीएलए मका किंवा उसाच्या साखरेपासून बनतं हे खरं, पण ते नीट कुजायला साधारण ५८-६० अंशांची कंपोस्टिंगची सोय लागते, परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. युरोपच्या ईएन १३४३२ नियमातली ६ महिन्यांत ९० टक्के विघटनाची अट पण अशाच कारखानी कंपोस्टिंगसाठी आहे, लेबलवरची हिरवी पानं बघून ते कळत नाही.

अडचणी आहेतच. स्टार्चचा फोम थर्माकोलपेक्षा जड, दमट हवेत मऊ पडून दबतो, गोदामात उंदरांनाही आवडतो, त्यामुळे कोकणात जुलैमध्ये माल पाठवायचा तर तो नकोच. बुरशीचा ठोकळा त्यापेक्षा टिकतो, पण तो वाढेपर्यंत साचा अडकून पडतो आणि थर्माकोलचा ठोकळा मात्र काही मिनिटांत तयार.