झाव्हिए दोलान: काम मिळेना म्हणून डायरेक्टर झालेला पोरगा

2023 च्या उन्हाळ्यात कॅनडाचा डायरेक्टर झाव्हिए दोलान याने एका स्पॅनिश पेपरला सांगून टाकलं की दोन-दोन वर्षं एका प्रोजेक्टला द्यायची आणि मग ते जेमतेम कुणी बघणार, असं करायची आता इच्छाही नाही आणि ताकदही नाही. वय किती, तर 34. या वयात आपल्याकडे लोक पहिल्या पिक्चरसाठी प्रोड्युसरच्या ऑफिसबाहेर बसलेले असतात, आणि या बाबाचे आठ पिक्चर आणि एक सिरीज होऊन कंटाळासुद्धा येऊन गेला. बातमी वाचून बऱ्याच जणांनी 'नखरे आहेत सगळे' म्हणून सोडून दिलं, पण मागचं सगळं बघितलं तर मला ते तसं वाटत नाही.

तर जन्म 20 मार्च 1989, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलला. वडील मॅन्युएल ताद्रोस मूळचे इजिप्तचे, नट आणि गायक. आई शिक्षिका. आईवडील लवकर वेगळे झाले आणि पोरगा मुख्यतः आईकडे वाढला, जे पुढे त्याच्या पिक्चरांत जागोजागी दिसतं. चारेक वर्षांचा असताना औषधदुकानांच्या एका मोठ्या साखळीच्या जाहिरातींत झळकला, मग टीव्ही, मग लहान मुलांचे सिनेमे. म्हणजे गोंडस पोरगा म्हणून करिअर झकास चाललेलं. पण गोंडस पोरं मोठी होतात, आवाज फुटतो, मिसरूड येतं आणि फोन वाजायचा बंद होतो. याचंही तेच झालं.

मग राहिलं काय, तर डबिंग. क्वेबेकमध्येही फ्रेंच बोलतात, पण तिथे हॉलिवूडचे बरेच पिक्चर फ्रान्सपेक्षा वेगळे, तिथल्या कलाकारांच्या आवाजात डब होतात, आणि हॅरी पॉटरच्या त्या व्हर्जनमधला रॉन वीजली म्हणजे आपला दोलान. ट्वायलाइटमधला जेकबही तोच. त्याच्याबद्दल लिहिताना लोक हे गंमत म्हणून एका ओळीत उरकतात, पण मला वाटतं खरी शाळा तीच असणार, कारण डबिंगच्या बूथमध्ये बसून एकाच चेहऱ्याचा श्वास, अडखळणं, ओठ मिटणं हे पन्नास वेळा बघावं लागतं. त्याच्या पिक्चरांत माणसं एकमेकांचं बोलणं तोडून, ओरडून, वाक्य अर्धं सोडून बोलतात आणि तरी एक शब्द वाया जात नाही, हा कान कुठून आला असेल ते कळतं.

रोल मिळेनात म्हणून मग त्याने स्वतःसाठीच रोल लिहिला. सोळा-सतरा वर्षांचा असताना लिहिलेली स्क्रिप्ट, 'जे त्युए मा मेर', म्हणजे 'मी माझ्या आईला मारलं'. घाबरू नका, खून वगैरे नाही, आई आणि पोराची रोजची भांडणं आहेत: तिचं खाणं, तिचे कपडे, तिचं गाडीत बसून मेकअप करणं या सगळ्याने वैतागणारा पोरगा. कॉलेज मध्येच सोडलेलं, सरकारी फिल्म संस्थेने आधी नकार दिलेला, तर पठ्ठ्याने लहानपणी कमावलेले साठवलेले पैसे त्यात घातले. आईच्या रोलमध्ये आन दोर्व्हाल, पोराच्या रोलमध्ये हा स्वतः. 2009 मध्ये फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला डायरेक्टर्स फोर्टनाइट विभागात पिक्चर लागला, तीन बक्षिसं घेऊन आला आणि कॅनडाने ऑस्करला पाठवला. तेव्हा वय 20.

त्यानंतरची पाच वर्षं धडाकाच आहे. 2010 ला एक मुलगा आणि त्याची मैत्रीण दोघंही एकाच मुलावर भाळतात त्याची गोष्ट, 2012 ला 'लॉरेन्स एनीवेज', जवळजवळ पावणेतीन तासांचा, पुरुष म्हणून जगलेली एक व्यक्ती बाई म्हणून जगायचं ठरवते तेव्हा तिच्या प्रेमाचं काय होतं यावर. 2013 ला 'तोम आ ला फेर्म', मिशेल मार्क बुशार्दच्या नाटकावरून, तो व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला. मध्येच डायरेक्टर, लेखक, एडिटर, कपडेपट सगळं हाच, कधी हिरोही हाच. 'लॉरेन्स'ला कानमध्ये समलैंगिक आणि ट्रान्स विषयांसाठीचं वेगळं बक्षीस मिळालं, पण स्वतः उघडपणे गे असूनही त्याला ते आवडलं नाही, पिक्चर असा वेगळ्या कप्प्यात का टाकता असं त्याचं म्हणणं. यावरून बोलणीही खाल्ली.

आणि मग 2014, 'मॉमी'. ज्यांनी याचं काहीच बघितलं नाही त्यांनी इथून सुरुवात करा. पुन्हा आई आणि पोरगा, पण या वेळी पोरगा हिंसक होणारा आणि आई बिचारी त्याला एकटी सांभाळणारी. पडदा चक्क चौकोनी, दोन्ही बाजूंना काळं, माणसाचा चेहरा मावेल एवढीच जागा. हा चौकोन त्याने आदल्या वर्षी ऍंदोशिन या फ्रेंच बँडच्या व्हिडिओत वापरून बघितला होता, पोरगाही तोच, आंत्वान-ऑलिव्हिए पिलाँ. तासभर त्या डबीत गुदमरून झाल्यावर एका गाण्यात पोरगा स्केटबोर्डवरून येतो आणि दोन्ही हातांनी फ्रेम ढकलून पडदा रुंद करतो. थिएटरात तो क्षण बघणाऱ्यांचा हेवा वाटतो. कानला ज्युरी प्राइज मिळालं, विभागून, आणि दुसरा कोण तर 83 वर्षांचा गोदार, फ्रेंच सिनेमाचा दिग्गज डायरेक्टर. फ्रान्समध्ये दहा लाखांवर तिकिटं खपली, तीही फ्रेंच सबटायटल लावून, कारण मॉन्ट्रियलच्या गल्लीतली फ्रेंच, ज्याला ते लोक 'जुआल' म्हणतात, ती पॅरिसवाल्यांना नीट कळत नाही!

2015 ला अडेलच्या 'हेलो' गाण्याचा व्हिडिओ त्याचाच, तो घडीचा जुना मोबाइल आठवत असेल. 2016 ला 'ज्युस्त ला फँ द्यु माँद', गास्पार उलिएल, मारियाँ कोतियार, व्हँसाँ कासेल, लेआ सेदू अशी फ्रान्सची मोठी नावं घेऊन. समीक्षकांनी सोलून काढला, पण कानच्या ज्युरीने ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस दिलं, पुढे फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत बेस्ट डायरेक्टर आणि एडिटिंग. मला तो पिक्चर अजूनही अर्धाच आवडतो.

घसरण इथून. आठ वर्षांचा असताना त्याने टायटॅनिक बघून डिकॅप्रिओला पत्र लिहिलं होतं, त्या आठवणीवरून त्याने पहिला इंग्रजी पिक्चर काढला, किट हॅरिंग्टन, नॅटली पोर्टमन वगैरे. एडिटिंग संपता संपेना, जेसिका चॅस्टेनचा अख्खा रोल कापला गेला, 2018 ला टोरंटोमध्ये एकदाचा लागला आणि आपटला. 2019 ला 'मातियास ए माक्सिम' घेऊन तो घरी, मित्रांकडे, छोट्या गोष्टीकडे परतला, पण पूर्वीची हवा राहिली नव्हती. 2022 ची पाच भागांची सिरीज चांगली होती, पण त्यात स्वतःचं मानधनही ओतलं असं त्यानेच सांगितलं, म्हणजे पुन्हा विसाव्या वर्षासारखंच, खिशातले पैसे घालून. 2023 चा तो वैताग या पार्श्वभूमीवरचा आहे.

नट म्हणून मात्र या काळात तो कामं करत होता, 'इट' या हॉरर पिक्चरच्या दुसऱ्या भागात, फ्रेंच लेखक बाल्झाकच्या कादंबरीवरच्या 'इल्युझियाँ पेर्द्यु'मध्ये. आणि मे 2024 ला कानने त्याला 'अं सर्तां रगार' विभागाचा ज्युरी अध्यक्ष केलं. याच विभागात 2012 ला 'लॉरेन्स'साठी सुझान क्लेमाँला अभिनयाचं बक्षीस मिळालं होतं. या वेळी त्याच्या ज्युरीने ते दिलं कोलकात्याच्या अनसूया सेनगुप्ताला, जी तोवर जास्त करून मुंबईत प्रॉडक्शन डिझाइनचं काम करत होती.