आधी डिसेंबर, मग मार्च

डिसेंबरात बहिणीचा अमेरिकेहून फोन आला, भाचीचा निकाल लागला. गुहागरच्या आमच्या वाडीत पेढे वाटले. शेजारच्या काकूंनी पेढा हातात धरूनच विचारलं, "आमच्या नातवाची मॅच मार्चात आहे म्हणे. मग हिची आधीच कशी?" दोघांनीही अर्ज गणपतीच्या आगेमागे भरलेले, दोघांनाही अमेरिकेत रेसिडेन्सीच हवी, म्हणजे डॉक्टरकी शिकल्यावरचं हॉस्पिटलातलं पुढचं प्रशिक्षण. मॅच म्हणजे ती जागा कुणाला कुठे, हे ठरवणारी निवड. प्रश्न रास्त होता.

नातू इथला एमबीबीएस, त्याची मॅच मुलकी, म्हणजे लष्कराबाहेरची. 'इरास' या अर्जांच्या ऑनलाइन व्यवस्थेवर एकच अर्ज भरून तो कितीतरी हॉस्पिटलांना धाडायचा, मुलाखती द्यायच्या, मग पसंतीची यादी लावायची. हॉस्पिटलंही आपली यादी देतात. जुळवणी संगणक करतो, निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी. दोन्ही याद्या जुळवायची ही रीत १९५२ पासूनची.

भाची जन्माने अमेरिकन, आणि तिची मेडिकलची चार वर्षांची फी तिथल्या नौदलाने भरलेली. बदल्यात चार वर्षं नोकरी. तिथे निवड संगणक नाही, माणसं करतात. तिन्ही दलांचं मंडळ हिवाळ्याच्या तोंडावर बसतं, गुण देतं. पण खरी मेख पुढेच आहे: यंदा भूलतज्ज्ञ किती हवेत, सर्जन किती, हे दल ठरवतं. मुलाची आवड त्यानंतर. कधी दल म्हणतं, बाहेर शीक आणि मग ये. म्हणून भाचीने 'इरास'चा अर्जही भरून ठेवला होता. लष्करी जागा मिळाली की मुलकी मॅचमधून नाव काढून घ्यावंच लागतं.

तिला मिळालं ते नौदलाच्या हॉस्पिटलात एक वर्षाचं इंटर्नशिप, आणि मग जहाजावर डॉक्टर.

"म्हणजे रेसिडेन्सी नाहीच मिळाली?" काकूंनी आवाज खाली आणला.

तसं नाही हो. नौदलात पुष्कळ जण असेच जातात. दोन-तीन वर्षं जहाजावर काढायची आणि पुन्हा अर्ज करायचा. शिवाय गंमत अशी, की लष्करी हॉस्पिटलात शिकण्यात गेलेली वर्षं त्या चार वर्षांच्या परतफेडीत धरत नाहीत, जहाजावरची धरतात. हे मलाही बहिणीने दोनदा समजावल्यावर कळलं.

काकूंना मात्र चटकन कळलं. त्यांच्या धाकट्या दिरांची उभी हयात दर्यावर गेलेली.

"मग बोटीवर लागली असं सांग की सरळ," म्हणाल्या, आणि पेढा तोंडात टाकला.