बेन जॉन्सन

जॉन्सन, बेन : (१३ जून १९१८ – ८ एप्रिल १९९६). अमेरिकन चरित्र अभिनेते, स्टंटमन आणि रोडिओपटू (रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारी व फास टाकण्याच्या कौशल्यांच्या स्पर्धा). सतराव्या शतकातील इंग्रज नाटककाराचे व कॅनडाच्या एका धावपटूचेही नाव मराठीत असेच लिहिले जाते. प्रस्तुत नोंद मात्र वेस्टर्न चित्रपटांतील अभिनेत्याविषयी आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांचे, घोडदळाचे आणि वस्ती करायला निघालेल्या कुटुंबांचे जीवन रंगवणाऱ्या या चित्रप्रकारात घोड्यावर बसलेले नट पुष्कळ झाले, पण त्यांपैकी बहुतेकांना घोडा कामापुरता शिकावा लागला. जॉन्सन यांचे उलट होते. ते आधी गुराखी होते आणि अभिनय त्यांना कामापुरता शिकावा लागला. रोडिओतील जागतिक विजेतेपद आणि ऑस्कर हे दोन्ही मिळवणारे ते एकमेव मानले जातात.

त्यांचा जन्म ओक्लाहोमा राज्यातील ओसेज परगण्यात, फोरेकर या लहानशा गावी झाला. हा प्रदेश उंच गवताच्या कुरणांचा आणि मोठमोठ्या रँचेसचा, म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण मळ्यांचा. वडील, त्यांचेही नाव बेन जॉन्सनच, चॅपमन–बर्नार्ड या विस्तीर्ण रँचवर मुकादम होते आणि धावत्या बैलाला घोड्यावरून फास टाकून पाडण्याच्या स्पर्धेत त्यांचा दूरवर लौकिक होता. मुलाचे शिक्षण प्रामुख्याने खोगिरावरच झाले. १९४० च्या सुमारास हॉवर्ड ह्यूज या उद्योगपती-निर्मात्याने ‘द आउटलॉ’ या चित्रपटासाठी तिकडून घोडे खरेदी केले आणि ते पोहोचवण्यासाठी तरुण जॉन्सन यांना कामावर घेतले. गुराखी म्हणून दिवसाला एक डॉलर मिळत असताना हॉलिवुडमधला पहिला धनादेश ३०० डॉलरचा निघाला, त्यामुळे परत जाण्याचा प्रश्नच उरला नाही, असे ते पुढे सांगत असत. १९४१ मध्ये त्यांचा विवाह कॅरोल जोन्स यांच्याशी झाला. कॅरोल यांचे वडील ‘फॅट’ जोन्स हे चित्रपटांना घोडे पुरवणाऱ्या तबेल्याचे मालक होते. हा विवाह कॅरोल यांच्या १९९४ मधील निधनापर्यंत टिकला.

पुढची काही वर्षे ते घोड्यांची देखभाल करत आणि नामवंत नटांच्या जागी अवघड दृश्ये करत राहिले. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्ट्यूअर्ट यांच्यासाठी त्यांनी असे काम केले. पडद्यावर चेहरा दिसत नसे, पण घोड्यावरची बैठक त्यांचीच असे. १९४८ च्या ‘फोर्ट अपाची’च्या चित्रीकरणात ते हेन्री फोंडा यांचे बदली स्वार होते. तेथे माणसे बसलेल्या एका गाडीचे घोडे बिथरून उधळले, तेव्हा जॉन्सन यांनी आपला घोडा पिटाळून त्यांना गाठले आणि थांबवले. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी या कामाचे चीज करण्याचे आश्वासन दिले आणि ते पाळले : सात वर्षांचा करार पुढे केला. त्यात आठवड्याला ५,००० डॉलर हा आकडा दिसताच आपण पुढचे काही न वाचता सही केली, अशी आठवण जॉन्सन सांगत.

फोर्ड यांच्याकडची त्यांची कामे म्हणजे घोडेस्वारीच्या कलेचा एक ठेवाच आहे. ‘शी वोअर अ यलो रिबन’ (१९४९) मध्ये त्यांनी सार्जंट टायरी हा घोडदळाचा टेहळ्या साकारला. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेचा हा माजी अधिकारी आता विजेत्यांच्या सैन्यात कनिष्ठ पदावर आहे. मॉन्युमेंट व्हॅलीच्या तांबड्या सुळक्यांमधून पाठलाग चुकवत तो भरधाव जातो आणि घळीवरून घोडा उडवतो. त्या दृश्यात लगामावरचा हात जवळजवळ हलत नाही. सगळे काम मांड्या आणि कंबर करतात. घोडा होता सासऱ्यांच्या तबेल्यातला ‘स्टील’. ‘वॅगन मास्टर’ (१९५०) या चित्रपटात जॉन्सन यांना नायकाची भूमिका मिळाली. मोठा तारा नसलेला, मॉर्मन या धर्मपंथाच्या स्थलांतरितांच्या गाड्यांची वाट काढणाऱ्या दोन घोडेव्यापाऱ्यांचा हा चित्रपट साधा वाटतो, परंतु फोर्ड यांच्या उत्तम कामांत त्याची गणना करावी लागते, आणि त्याचे बरेचसे श्रेय जॉन्सन यांच्या सावकाश, संकोची, ठाम बोलण्याला आहे. ‘रिओ ग्रँड’ (१९५०) साठी ते आणि हॅरी केरी धाकटे ‘रोमन स्वारी’ शिकले : दोन घोडे जोडीने पळत असताना एकेका पाठीवर एकेक पाय ठेवून उभे राहायचे आणि तशाच स्थितीत अडथळा ओलांडायचा. पडद्यावर ते दोघे ही स्वारी स्वतः करताना दिसतात.

याच चित्रपटाच्या वेळी जेवणाच्या टेबलावर फोर्ड यांनी सर्वांदेखत पाणउतारा केला. जॉन्सन यांनी तो निमूट सोसला नाही आणि त्यानंतर ‘शायेन ऑटम’ (१९६४) पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे, फोर्ड यांच्या चित्रपटात ते दिसले नाहीत. नायकपदाची वाट तेथेच संपली. मात्र चरित्र अभिनेता म्हणून त्यांचे खरे आयुष्य या दुराव्यानंतरच सुरू झाले, असे म्हणणे चुकीचे होणार नाही. ‘शेन’ (१९५३) मधला ख्रिस कॅलोवे हा त्याचा पहिला पुरावा. गुत्त्यात परक्या माणसाची टर उडवणारा हा दांडगा गडी मार खातो, आणि शेवटी त्याच माणसाला दगाफटक्याची सूचना द्यायला रात्री येतो. मनातला बदल स्पष्ट करणारे लांब संवाद त्याला नाहीत. थकलेला आवाज आणि खाली गेलेली नजर एवढ्यावर तो पटतो.

दरम्यान त्यांनी चित्रपट बाजूला ठेवून रोडिओत पूर्ण हंगाम घालवला. १९५३ मध्ये ‘टीम रोपिंग’ या प्रकारात ते जागतिक विजेते झाले. यात दोन स्वार मोकाट सुटलेल्या बैलाचा पाठलाग करतात. एक शिंगांत फास अडकवतो, दुसरा मागच्या पायांत, आणि सारा खेळ काही सेकंदांत आटोपतो. मान मोठा होता, पण प्रवास आणि घोड्यांचा खर्च वजा जाता हाती काहीच उरले नाही. ते चित्रपटांकडे परतले.

साठच्या दशकात वेस्टर्नचा सूर कडवट झाला, आणि त्या बदलातही जॉन्सन यांना जागा मिळाली. सॅम पेकिन्पा यांच्या ‘मेजर डंडी’ (१९६५) नंतर ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मध्ये त्यांनी वॉरन ओट्स यांच्या जोडीला टेक्टर गॉर्च हा उग्र, रानटी दरोडेखोर उभा केला. टायरीसारखा सरळमार्गी शिपाई ज्यांना आठवत होता, त्यांना हा बदल चांगलाच जाणवला असणार.

पीटर बॉग्दानोविच यांच्या ‘द लास्ट पिक्चर शो’ (१९७१) मधील सॅम द लायन ही त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका होय. टेक्सासमधील उतरती कळा लागलेल्या एका गावात चित्रपटगृह, बिलियर्डचा अड्डा आणि उपाहारगृह चालवणारा हा वयस्कर माणूस. संहितेतील अश्लील शब्द आणि लांबलचक संवाद यांमुळे जॉन्सन यांनी प्रथम नकार दिला होता. त्यांचे मन वळवले ते फोर्ड यांनी. पडद्यावर ते सुमारे दहा मिनिटेच दिसतात. तळ्याकाठी बसून सॅम वीस वर्षांपूर्वीच्या एका प्रेमाबद्दल बोलतो, त्या प्रसंगात त्यांनी कोठेही आवाज चढवलेला नाही, डोळ्यांत पाणी आणलेले नाही. रँचवरचा माणूस जसा हवामानाविषयी बोलेल तसे ते बोलतात, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याचा गळा दाटतो. सॅमच्या मृत्यूनंतर गावच पोरके होते, आणि प्रेक्षकालाही उरलेल्या चित्रपटभर त्याची उणीव भासत राहते. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर, गोल्डन ग्लोब आणि बाफ्टा हे पुरस्कार मिळाले.

त्यानंतर कामाची वाण पडली नाही. ‘ज्युनिअर बॉनर’, ‘द गेटअवे’ (दोन्ही १९७२), ‘डिलिंजर’ (१९७३), स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘द शुगरलँड एक्सप्रेस’ (१९७४), ‘बाइट द बुलेट’ (१९७५), ‘रेड डॉन’ (१९८४) हे त्यांपैकी काही. पोलीस अधिकारी, रँचमालक किंवा वडीलधारा शेजारी अशाच भूमिका बहुधा वाट्याला आल्या. व्यावसायिक रोडिओच्या सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला आणि १९९४ मध्ये हॉलिवुडच्या पदपथावर त्यांच्या नावाचा तारा बसवला गेला.

‘द ईव्हनिंग स्टार’ (१९९६) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. ॲरिझोनातील मेसा येथे आईला भेटायला गेले असता हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या आईने नव्वदी ओलांडलेली होती. त्यांचे दफन ओसेज परगण्यातील पॉहस्का येथे करण्यात आले.