छोट्या महाविद्यालयांचा फुटबॉल शनिवार

अमेरिकेतील लहान निवासी महाविद्यालयांच्या फुटबॉल सामन्यांभोवती रुजलेली प्रेक्षकांची संस्कृती आणि तिच्या रूढी. सप्टेंबरच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, झाडांची पाने लाल-पिवळी होऊन गळून जाईपर्यंत, शनिवारची दुपार या महाविद्यालयांत सामन्यासाठी राखलेली असते. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल: लंबगोल चेंडू, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या आणि शंभर यार्डांचे मैदान. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ खेळतात तो फुटबॉल निराळा. पण आपल्या पेठेतला पोरगा मैदानात उतरला म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडणारा प्रेक्षक दोन्हीकडे एकच.

अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने १९७३ मध्ये आपली सदस्य महाविद्यालये तीन विभागांत वाटली. पहिल्या विभागात मोठी विद्यापीठे येतात. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील मैदानात एक लाखाहून अधिक लोक बसतात, सामने देशभर दूरचित्रवाणीवर दिसतात आणि प्रशिक्षकांचे पगार लाखो डॉलरांच्या घरात असतात. तिसऱ्या विभागात मात्र खेळासाठी म्हणून एक डॉलरचीही शिष्यवृत्ती देता येत नाही. या विभागातील सुमारे २४० महाविद्यालयांचे फुटबॉल संघ आहेत. एकेका संघात शंभराहून अधिक मुले असणे नेहमीचे, आणि त्यांतली बहुतेक पदवी घेतल्यावर पुन्हा कधीही हा खेळ खेळत नाहीत.

या एका नियमातून बाकी सगळे निघते. खेळाडू पैशासाठी आलेला नाही, म्हणून प्रेक्षकही तारा पाहायला आलेला नसतो. बाकांवर बसलेली माणसे म्हणजे खेळाडूची आई, आजोबा, वसतिगृहातला सोबती, जीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आणि चाळीस वर्षांपूर्वी त्याच जागी खेळलेला गावातला विमा एजंट. प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या रांगेतल्या मुलाचे नाव मोठ्या विद्यापीठाच्या सामन्यात कुणाला ठाऊक नसते. इथे त्याला नावाने हाक मारली जाते, आणि चुकला तर तेही नावानेच सांगितले जाते. या प्रेक्षकवर्गाची खरी ओळख ओळखीतच आहे.

सामन्याचा शनिवार शुक्रवारीच सुरू होतो. परगावचे आईवडील संध्याकाळी गाडीने निघतात. तीन-चारशे मैलांचा प्रवास करून दर आठवड्याला येणारी कुटुंबे प्रत्येक संघाकडे असतात. सामना बहुधा दुपारी एकच्या सुमारास असला, तरी मैदानाशेजारच्या वाहनतळावर सकाळपासून गाड्या लागतात. गाडीचे मागचे दार उघडायचे, महाविद्यालयाच्या रंगाचा मांडव ठोकायचा, घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि गॅसची शेगडी पेटवायची. याला टेलगेटिंग म्हणतात. शेगडीवर बर्गर आणि ब्रॅटवर्स्ट, शेजारी मोठ्या पातेल्यात घेवड्याची आणि खिम्याची चिली. मुले भोक पाडलेल्या उतरत्या फळीवर दाण्यांच्या पिशव्या फेकत बसतात. मद्याबाबत महाविद्यालयागणिक नियम वेगळे. चर्चने स्थापन केलेल्या काही संस्थांत ते फार कडक आहेत. व्हर्जिनियातील हॅम्पडन-सिडनी या केवळ मुलांच्या महाविद्यालयात विद्यार्थी कोट घालून, टाय लावून टेलगेटिंगला येतात.

मोठ्या विद्यापीठांत टेलगेटिंग सामन्याआधीचे असते. छोट्या महाविद्यालयांत त्याचा खरा रंग सामन्यानंतर चढतो. हरलेले-जिंकलेले खेळाडू अंघोळ करून ओल्या केसांनी वाहनतळावर येतात आणि आयांनी वाढलेले जेवतात. पाहुण्या संघाचे पालकही आपली पातेली घेऊन आलेले असतात आणि वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची पंगत बसते. कोणी काय आणायचे याच्या याद्या हंगामाआधीच ठरतात, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचे पालक ही व्यवस्था पुढच्या तुकडीच्या पालकांवर सोपवून जातात. क्रीडापत्रकार याविषयी फारसे लिहीत नाहीत, पण या संस्कृतीचा कणा हेच जेवण आहे असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. ऑक्टोबरच्या आसपास होमकमिंग येते: माजी विद्यार्थी परततात, मिरवणूक निघते, जुन्या तुकड्यांची संमेलने भरतात. घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाचे खेळाडू आईवडिलांना घेऊन एकेक करून मैदानात येतात आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांची नावे पुकारली जातात.

या जगातील सर्वांत भरगच्च परंपरा इंडियाना राज्यात आहे. क्रॉफर्ड्सव्हिल येथील वॉबॅश महाविद्यालय १८३२ मध्ये स्थापन झाले आणि आजही तेथे फक्त मुलगे शिकतात. त्यांची संख्या हजारापेक्षा कमी आहे. तेथून सुमारे ४५ किलोमीटरवर ग्रीनकासल गावी डीपॉ विद्यापीठ आहे, त्याची स्थापना १८३७ ची. दोघांत पहिला सामना १८९० मध्ये झाला. दोन्ही गावे मोनॉन रेल्वेच्या मार्गावर होती, आणि रेल्वेने आपल्या एका इंजिनावरची सुमारे ३०० पौंडांची, म्हणजे १३६ किलोंची घंटा या सामन्याचा फिरता करंडक म्हणून दिली. १९३२ मध्ये ती प्रथम पणाला लागली आणि नेमका तो सामना ०–० असा अनिर्णित राहिला. घंटेचा अर्धा भाग वॉबॅशच्या लाल रंगाचा, अर्धा डीपॉच्या सोनेरी. मोनॉन रेल्वे १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन संपली. तिचे नाव आज सर्वाधिक वेळा उच्चारले जाते ते नोव्हेंबरातल्या या शनिवारी.

घंटा जिंकणाऱ्याकडे वर्षभर राहते, आणि वर्षभर ती चोरण्याचे बेत शिजतात. दोन्ही बाजूंनी ती अनेकदा पळवली आहे. १९६० च्या दशकात वॉबॅशच्या एका विद्यार्थ्याने मेक्सिकोहून आलेल्या पाहुण्याचे सोंग घेऊन डीपॉमध्ये प्रवेश मिळवला, अगत्याने दाखवल्या जाणाऱ्या गोष्टींत घंटेची लपवलेली जागाही पाहून घेतली आणि मग साथीदारांसह ती उचलून नेली. सामन्याच्या आठवड्यात विद्यार्थी रात्री जागून आपापल्या आवारावर पहारा देतात. शेवटची शिट्टी वाजताच जिंकलेला संघ घंटेकडे धाव घेतो. तो क्षण पाहिलेला माणूस दोन्ही संघांचे आकडे विसरेल, पण एका दोरीला लोंबकळणारी वीस मुले विसरणार नाही. २००१ मध्ये २१–२१ अशी बरोबरी असताना वॉबॅशने शेवटच्या चेंडूवर लांब फेक केली, ती एका खेळाडूने हाताने टोलवली, दुसऱ्याने झेलली आणि सामना २७–२१ असा सुटला. वॉबॅशमध्ये त्या फेकीला नुसते ‘तो झेल’ म्हटले तरी पुरते. त्या दिवशी मैदानावर येऊ न शकणारे दोन्हीकडचे माजी विद्यार्थी देशभरातल्या शहरांत एकत्र जमून सामन्याचे प्रक्षेपण पाहतात, पुष्कळदा एकाच सभागृहात, मधे वाट सोडून.

वॉबॅशची दुसरी रूढी होमकमिंगच्या आठवड्यातली. पहिल्या वर्षाची मुले चॅपलच्या पायऱ्यांवर उभी राहून महाविद्यालयाचे लांबलचक गीत पाऊण तास पुन्हा पुन्हा, आवाज बसेपर्यंत म्हणतात, आणि वरच्या वर्गातली मुले अगदी तोंडाजवळ येऊन त्यांना चुकवू पाहतात. बाहेरच्याला हे क्रूर वाटू शकते. ज्यांनी ते म्हटले आहे, त्यांना ते गीत म्हातारपणीही तोंडपाठ असते.

अशा स्थानिक रूढी जवळपास प्रत्येक आवारात सापडतात, आणि त्यांतल्या चांगल्या रूढी कुणी समिती नेमून ठरवलेल्या नसतात. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स महाविद्यालयाचा संघ होमकमिंगचा सामना जिंकला की पूर्ण पोशाखात, गाणी म्हणत, विल्यम्सटाउनच्या स्प्रिंग स्ट्रीटवरून सेंट पियरे या केशकर्तनालयापर्यंत चालत जातो. ही प्रथा १९७१ पासूनची. विल्यम्सचा जुना प्रतिस्पर्धी ॲमहर्स्ट. १८२१ मध्ये विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर काही विद्यार्थ्यांसह बाहेर पडले आणि ॲमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले, ती दुखरी आठवण दोनशे वर्षांनंतरही घोषणांत ऐकू येते. केंटकीमधील सेंटर महाविद्यालयाने २९ ऑक्टोबर १९२१ रोजी बलाढ्य हार्वर्डला ६–० असे हरवले. तो निकाल रासायनिक सूत्रासारखा, सी-सहा एच-शून्य असा, आवारातील एका इमारतीच्या भिंतीवर रंगवलेला आहे. त्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी फ्रेड व्हिन्सन १९४६ ते १९५३ या काळात अमेरिकेचे सरन्यायाधीश होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या बंधुमंडळातील (फ्रॅटर्निटी या विद्यार्थी-मंडळातील) विद्यार्थी त्यांचे तैलचित्र सामन्यांना घेऊन येऊ लागले, आणि आजही सरन्यायाधीश प्रेक्षकांत बसलेले दिसतात. मिनेसोटातील नॉर्थफील्ड या एकाच गावात कार्लटन आणि सेंट ओलाफ अशी दोन महाविद्यालये आहेत. १९७७ मध्ये त्यांनी यार्ड सोडून मीटरमध्ये आखलेल्या, १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद मैदानावर सामना खेळला. सेंट ओलाफने तो ४३–० असा जिंकला. मीटरचा प्रयोग पुन्हा झाला नाही.

मिनेसोटातच कॉलेजव्हिल येथे बेनेडिक्टाइन मठाने चालवलेले सेंट जॉन्स आहे. जंगलाच्या कुशीत, नैसर्गिक उताराच्या खोलगटात त्याचे मैदान आहे आणि तिसऱ्या विभागातील सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या मैदानांत ते कायम मोडते. जॉन गलार्डी हे १९५३ ते २०१२ अशी साठ वर्षे तेथे प्रशिक्षक होते. कारकिर्दीत त्यांनी ४८९ सामने जिंकले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात एवढे विजय दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत. सरावात एकमेकांना खाली पाडायचे नाही, शिट्टी नाही, शिवीगाळ नाही आणि प्रशिक्षकाला ‘कोच’ म्हणायचे नाही, सरळ ‘जॉन’ म्हणायचे, असे त्यांचे नियम होते. व्यायामाच्या वेळी खेळाडू गवतावर उताणे पडून शेजाऱ्याला सांगत, आज दिवस किती छान आहे. ज्या खेळात प्रशिक्षकाने गुरगुरावे अशीच रीत होती, त्या खेळात या माणसाने सौजन्याने एवढे जिंकून दाखवले, ही अमेरिकी क्रीडाजीवनातील फार मोलाची गोष्ट आहे.

त्यांच्या संघाने २००३ मध्ये मिळवलेला सर्वांत मोठा विजय ओहायोतील अलायन्स गावच्या माउंट युनियनविरुद्धचा. तिसऱ्या विभागाचा अंतिम सामना स्टॅग बोल म्हणून ओळखला जातो. १९९३ ते २०१७ ही पंचवीस वर्षे तो व्हर्जिनियातील सेलम या छोट्या शहरात होत असे आणि माउंट युनियनच्या चाहत्यांना तेथील रस्ते पाठ झाले होते. प्रशिक्षक लॅरी केरिस यांच्या हाताखाली माउंट युनियनचा संघ ११ वेळा राष्ट्रीय विजेता ठरला, आणि त्याने आधी सलग ५४, नंतर सलग ५५ सामने जिंकले. ती दुसरी मालिका सेंट जॉन्सने २४–६ अशी तोडली. २००५ ते २०११ अशी सलग सात वर्षे अंतिम सामना माउंट युनियन आणि विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर यांच्यातच झाला. फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाला २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे अजिंक्यपद, जिंकून देणारे प्रशिक्षक निक सिरियानी हे माउंट युनियनचेच माजी खेळाडू. ओरेगनमधील मॅकमिनव्हिलच्या लिनफील्डचा अभिमान वेगळ्या जातीचा आहे: १९५६ पासून सहा दशकांहून अधिक काळ प्रत्येक हंगामात या संघाचे विजय पराभवांहून जास्त राहिले. कोणत्याही विभागातल्या कोणत्याही संघाला हे साधलेले नाही. तेथील खेळाडूंवर राष्ट्रीय अजिंक्यपदापेक्षा या मालिकेचे दडपण अधिक असते.

एरवी दोन-तीन हजार प्रेक्षक ही चांगली गर्दी मानली जाते. पण जुन्या वैराचा सामना मोठ्या शहरात नेला की आकडे बदलतात. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्टलंड आणि इथाका हे संघ १९५९ पासून एका मातीच्या सुरईसाठी खेळतात. २०१९ मध्ये त्यांचा सामना न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियमवर झाला तेव्हा ४५,१६१ लोक आले, आणि तो तिसऱ्या विभागाचा विक्रम ठरला. त्याआधीचा विक्रम सेंट जॉन्स आणि सेंट पॉल शहरातील सेंट थॉमस यांच्या २०१७ च्या सामन्याचा, ३७,३५५ प्रेक्षकांचा होता.

ते वैर मात्र टिकले नाही. सेंट थॉमस विद्यापीठ आकाराने वाढत गेले, लहान प्रतिस्पर्ध्यांना प्रचंड फरकाने हरवू लागले आणि २०१९ मध्ये त्याच्या साखळीतील महाविद्यालयांनी त्याला बाहेर पडायला लावले. २०२१ मध्ये ते थेट पहिल्या विभागात गेले. १९०१ पासून चालत आलेला सामना त्यामुळे थांबला, आणि दोन्हीकडच्या हजारो घरांत हंगामातला एक ठरलेला शनिवार रिकामा झाला. इतर ठिकाणी महाविद्यालयच उरत नाही. आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये, अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न २०२४ मध्ये बंद पडले. विद्यार्थिसंख्या घटत असताना अनेक संस्था फुटबॉल संघ नव्याने सुरू करतात, कारण एक संघ म्हणजे शुल्क भरणारी शंभर मुले. हजारभर विद्यार्थ्यांच्या संस्थेत हा दहावा हिस्सा होतो. तर पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोरने २००० च्या अखेरीस नेमक्या उलट कारणासाठी फुटबॉल बंद केला: एवढ्या लहान वर्गात एवढ्या जागा एका खेळाला देणे त्याला परवडेना. माजी खेळाडूंनी त्या निर्णयाला कडाडून विरोध केला. निर्णय फिरला नाही.