हीटरला पक्कं व्होल्टेज द्यायचं की पक्का करंट?

व्हॉल्व्ह (काचेची व्हॅक्यूम ट्यूब) प्रीअँपच्या हीटरसाठी, म्हणजे ट्यूबमधली कॅथोड तापवणाऱ्या तारेसाठी, रेग्युलेटेड डीसी सप्लाय करायचा म्हटलं की हात आधी एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीकडे जातो. हा आयसी दोन तऱ्हांनी जोडता येतो. एकीत आउटपुटचं व्होल्टेज बांधलेलं राहतं, दुसरीत करंट. कागदावर दोन्ही सर्किट जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून गल्लत होते.

कुठला सप्लाय हवा ते व्हॉल्व्हच्या नावातलं पहिलं अक्षर सांगतं. ईसीसी८३, ईसीसी८८ मधला 'ई' म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. करंट ज्याचा त्याचा वेगळा. पीसीसी८८ मधला 'पी' म्हणजे ३०० मिलिअँपिअर. व्होल्टेज जे पडेल ते, इथे ७. 'पी' मालिका टीव्हीत हीटर सिरीजमध्ये ओवण्यासाठीच निघाली होती.

आधी व्होल्टेजवाला सप्लाय. दोन ईसीसी८३ घ्या. तिच्या हीटरचे ६.३ व्होल्टचे दोन भाग असतात. प्रत्येकीचा हीटर पिन ४ आणि ५ वर घेतला की ते सिरीजमध्ये येतात, म्हणजे १२.६ व्होल्ट, १५० मिलिअँपिअर. दोन्ही पॅरलल, एकूण ३००. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पिनमध्ये १२० ओहम, अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला १ के आणि ८२ ओहम सिरीजमध्ये: हिशेबाने १२.५८ व्होल्ट मिळतात. ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्ट १ अँपिअरचा, ब्रिज रेक्टिफायरनंतर २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इथे १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावण्याचा मोह टाळाच. ब्रिजनंतर शिखर साधारण १५.४ येतं, त्यातून सुमारे १.४ व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) गेला की तळ १४ वर. आयसीला स्वतःसाठी २ ते ३ व्होल्ट लागतात, तेवढे उरतच नाहीत. मग रेग्युलेशन दर अर्ध्या सायकलला सुटतं आणि १०० हर्ट्झची घरघर थेट हीटरवर जाते. १५ व्होल्टवर आयसीत साधारण २ वॉट उष्णता होते, त्यामुळे हीटसिंक हवाच. एलएम३१७ चा धातूचा टॅब आउटपुटला जोडलेला असतो; अभ्रकाची चकती विसरलात तर चासीला शॉर्ट.

करंटवाल्यात रेझिस्टर एकच, आउटपुट आणि अ‍ॅडजस्टच्या मध्ये, आणि लोड अ‍ॅडजस्टच्या टोकाला. १.२५ भागिले ओहम म्हणजे करंट. ८.२ ओहमला १५२ मिलिअँपिअर. तसेच दोन पॅरलल लावले तर ३०५, 'पी' मालिकेला चालतील असे. दोन पीसीसी८८ सिरीजमध्ये म्हणजे हीटरचे १४ व्होल्ट, वर रेझिस्टरचे १.२५ आणि आयसीचे ३. म्हणून इथे ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा घ्यावा.

थंड हीटरचा रेझिस्टन्स गरम हीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच असतो. व्होल्टेजवर म्हणूनच सुरुवातीला करंट उसळतो. काही जुन्या ईसीसी८३ तर क्षणभर लखकन पेटतात. पुढे हीटर तापला की रेझिस्टन्स वाढतो आणि करंट आपोआप आवरतो. करंट सप्लायवर उसळी नाही, पण तापायला वेळ जास्त लागतो. शिवाय चूक स्वतःहून सुधारत नाही: करंट जरा जास्त झाला की हीटर तापतो, रेझिस्टन्स वाढतो, वॉट आणखी चढतात. म्हणून 'ई' व्हॉल्व्ह करंटवर चालवायचाच असेल तर गरम झाल्यावर त्याच्या पिनांवर मीटर धरून ६.३ किंवा १२.६ च्या आसपास पाच टक्क्यांत येतंय का ते बघा.

खरं नुकसान सिरीज-पॅरललची जोडणी उलटसुलट झाली की होतं. करंट सप्लायवर दोन हीटर पॅरलल लावले आणि एक व्हॉल्व्ह उपसला, तर उरलेल्याच्या वाट्याला दुप्पट करंट येतो आणि तो जळतो. व्होल्टेज सप्लायवर ईसीसी८८ (३६५ मिलिअँपिअर) आणि ६.३ व्होल्टला जोडलेली ईसीसी८३ (३००) सिरीजमध्ये लावली, तर व्होल्ट सारखे वाटले जात नाहीत. ८३ ला जास्त मिळतात, ८८ उपाशी राहते.

व्हॉल्व्ह बसवण्याआधीची चाचणीही दोघांची वेगळी. व्होल्टेज सप्लायला प्रत्येक ईसीसी८३ च्या जागी ८२ ओहम ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावून १२.६ मोजा. करंट सप्लायला हीटसिंक बसवून लोडच्या जागी अ‍ॅमीटर सरळ लावा. तो शॉर्टमध्येही ठरलेलाच आकडा दाखवतो.